सहा रविवार, बाराशे रुपये: मुलांच्या 'डिजिटल नागरिकत्व' वर्गाबद्दल

नागपुरात मानेवाडा रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अकरा वर्षं झाली. या उन्हाळ्यात मी माझ्या मुलीला आणि पुतण्याला प्रतापनगर भागातल्या एका वर्गाला घातलं होतं. मुलगी सातवीत जाणार, पुतण्या नववीत. वर्ग भरतो एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आणि खाली फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, 'मुलांसाठी डिजिटल नागरिकत्व'. सहा रविवार, सकाळी नऊ ते अकरा. फी बाराशे रुपये, एकाच घरातलं दुसरं मूल असेल तर हजार. दुकानात येणाऱ्या बायकांनी इतक्या वेळा विचारलं की "ताई, पैसे वसूल झाले का?", की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

वर्गाचं नाव मात्र लिहीत नाही. पुढे एका मुलाची गोष्ट येणार आहे आणि नावावरून बॅच, बॅचवरून मूल शोधणं आपल्या शहरात अवघड नाही. ज्यांना खरंच मुलांना पाठवायचं आहे त्यांनी दुकानात येऊन विचारा, सांगते.

पहिल्या रविवारी पालकांना मागे बसायची परवानगी होती. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. नऊ वाजताच हॉल तापलेला, दोन कूलर घरघरत होते आणि मागच्या रांगेपर्यंत सरांचा आवाज धड पोचत नव्हता. शिकवणारे दोघं होते. सर निवृत्त संगणक शिक्षक, आणि मॅडम तरुण वकील. मला वाटलं होतं, प्रोजेक्टर लावतील, हॅकरचे फोटो दाखवतील, मोबाइल वाईट आहे असं सांगून घरी पाठवतील. सरांनी मोबाइल काढायलाच सांगितला नाही. प्रत्येक मुलाला एक गुलाबी कार्ड दिलं आणि म्हणाले, "स्वतःबद्दल लिहा. नवीन मित्राला सांगाल तसं." पूर्ण नाव, शाळा, वाढदिवस, घराजवळची खूण, आईचा मोबाइल नंबर, घरातल्या कुत्र्या-मांजराचं नाव, असं काय काय. एकतीस मुलं होती. भराभर लिहिलं सगळ्यांनी. मग कार्डं हातोहात फिरली, मुलं वाचत होती, हसत होती. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला पोरं खाली गेली.

परत आल्यावर सर म्हणाले, "ज्याला वाटतं की आपण जरा जास्तच लिहिलं, त्याने आपलं कार्ड परत घेऊन फाडून टाका." जवळजवळ सगळ्यांनी फाडली. माझ्या मुलीने तर चार तुकडे केले. तेव्हा सरांनी टेबलाखालून एक फाइल काढली. सुट्टीत त्यांनी वाचनालयाच्या मशीनवर सगळ्या कार्डांची झेरॉक्स काढून ठेवली होती.

हॉल एकदम गप्प झाला. मीही. दिवसभर मी हेच काम करते, कागद ठेवायचा, हिरवं बटण दाबायचं, प्रत बाहेर. अकरा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की मूळ कागद गिऱ्हाइकाच्या हातात परत गेला तरी प्रतीचं काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे. सरांनी मुलांसमोर ती सगळी झेरॉक्स फाडली आणि एवढंच म्हणाले, "माझ्याजवळ होत्या म्हणून मी फाडल्या. ज्याच्याजवळ असतील तो फाडेलच, असं नाही." पुढे भाषण नाही, काही नाही. मला त्यांची ही पद्धत फार आवडली. मुलाला धाक न घालता गोष्ट हातात दिली की ती घरापर्यंत येते.

आणि ती आलीच. त्याच संध्याकाळी मुलगी दुकानात बसली होती. आमच्याकडे गिऱ्हाइकं कागद दुकानाच्या व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवतात. "काकू, आधार पाठवून राहिलो, दोन प्रती काढून द्या ना," असं दिवसातून पन्नास वेळा ऐकते मी. मुलीने दुकानाचा फोन हातात घेतला, गॅलरी वर-वर सरकवत राहिली आणि विचारलं, "आई, या सगळ्यांचे आधार अजून तुझ्याजवळ काहून आहेत?"

मी बघितलं. साडेचार हजारांच्या वर फाइली. आधार, पॅन, बँकेची पासबुकं, जातीचे दाखले, दहावीच्या गुणपत्रिका, एका बाईंचे दवाखान्याचे रिपोर्ट. तीन-तीन वर्षांपूर्वीचे. मी कुणाचं वाईट कधी चिंतलं नाही, पण तो फोन काउंटरवर उघडा पडलेला असतो. एखाद्या दिवशी कुणी उचलून नेला असता तर आमच्या सगळ्या वस्तीची कागदपत्रं एका माणसाच्या खिशात गेली असती. आणि ड्रॉवरमध्ये एक वही. स्कॉलरशिपचा, अकरावी प्रवेशाचा, नोकरीचा फॉर्म भरायला येणारी मुलं आपला पासवर्ड विसरतात, म्हणून मीच तो लिहून ठेवायची. नाव, मोबाइल नंबर, युजर आयडी, पासवर्ड, एका ओळीत. मुलांची सोय म्हणून, प्रेमाने लिहिलेली वही होती ती. मुलीला मी काय उत्तर देणार होते?

तीन रात्री बसून फोन साफ केला. संगणकातला डाउनलोडचा फोल्डर साफ केला. व्हॉट्सअॅपमध्ये आलेला फोटो आपोआप गॅलरीत जाऊ नये अशी सेटिंग असते, ती पुतण्याने करून दिली. वहीतल्या ओळींचे नंबर लावून एकेकाला फोन केले, पासवर्ड बदलायला सांगितला आणि पानं फाडली. हे सगळं परीक्षणात लिहायचं कारण असं, की बाराशे रुपयांचा वर्ग कसा होता याचं माझ्याजवळचं सगळ्यात मोठं माप हेच आहे.

दुसरा रविवार पासवर्ड आणि पैशांचा. त्यात वर्णन करण्यासारखं थोडं आहे. पासवर्ड लांब असावा, अवघड असण्यापेक्षा लांब असणं जास्त उपयोगाचं, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्रीची पायरी, सुरू ठेवा, हे सगळं मुलांकडून करवून घेतलं. यूपीआयचा खेळ चांगला होता. पुठ्ठ्यावर छापलेले मोबाइल, एक पोरगा फसवणारा, एक फसणारा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत, हे वाक्य मुलांना पाठ झालं. मागच्या वर्षी एक आजी माझ्या दुकानात रडत आल्या होत्या, जुना सोफा विकायला काढला आणि 'पैसे पाठवतो, स्कॅन करा' म्हणून अठरा हजार गेले. तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर मला माहीत होता, पण पहिल्या तासात फोन लावला तर पैसे मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते, हे मला त्या वेळी ठामपणे सांगता आलं नाही. आता मुलीने काउंटरच्या काचेवर १९३० चा कागद चिकटवला आहे, मोठ्या अक्षरांत, बाजूच्या आजीलाही वाचता येईल असा.

या रविवारचा दोष म्हणजे सगळ्या स्लाइड इंग्रजीत होत्या. बॅचमध्ये निम्म्याहून जास्त मुलं मराठी शाळेतली. सर बोलत मराठीत होते, पण पडद्यावर लांबच लांब इंग्रजी वाक्यं, आणि मुलं ती वहीत उतरवण्यात वेळ घालवत होती. मी जाऊन सांगितलं. पुढच्या रविवारी तीन-चार स्लाइड मराठीत झाल्या, बाकी तशाच राहिल्या. हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे. जी गोष्ट पोरांनी घरी जाऊन आजी-आजोबांना सांगायची आहे ती त्यांना ज्या भाषेत सांगायची आहे त्या भाषेत मिळाली पाहिजे.

तिसऱ्या रविवारी अफवा. सरांनी पडद्यावर फोटो दाखवला, रस्त्यावर कमरेएवढं पाणी, उलटलेल्या गाड्या, आणि खाली ओळ, 'आज सकाळी नागपुरात'. विचारलं, पुढे पाठवाल का? मुलं हसली, कारण बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. मग म्हणाले, समजा हाच फोटो तुम्हाला ऑगस्टमध्ये, धो-धो पावसात आला तर? हसणं थांबलं. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, हा आमच्या डागा लेआउटचा आहे. पण तेव्हाचा. ती पांढरी कार आमच्या बाजूच्यांची होती." २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, ते सगळ्या शहराला आठवतं. तिच्या घरात गादीपर्यंत पाणी आलं होतं. सरांनी तिलाच पुढे बोलावलं आणि उरलेला पाऊण तास जवळजवळ तिनेच घेतला. फोटो कुठला हे कसं ओळखायचं, दुकानांच्या पाट्या वाचायच्या, झाडं-खांब बघायचे, तोच फोटो इंटरनेटवर टाकून शोधायचा आणि तो पहिल्यांदा कधी आला ते बघायचं. आणि तिने एक गोष्ट सांगितली जी कुठल्याच स्लाइडवर नव्हती. असा जुना फोटो परत फिरायला लागला की तिच्या आजीची छाती धडधडते, आजी रात्री उठून दारात जाऊन बघते. अफवेमुळे 'समाजाचं' नुकसान होतं असं आपण म्हणतो. इथे मुलांना एक आजी दिसली, दारात उभी असलेली.

त्यानंतर सरांनी राईनपाडा सांगितलं. धुळे जिल्ह्यातलं गाव, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज व्हॉट्सअॅपवरून फिरत होते, आणि भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं लिहून येतं, ते कशासाठी असतं हे मुलांना तेव्हा कळलं. मला स्वतःला वाटत होतं, इतक्या लहान मुलांना हे सांगावं का? पण मार्च २०२५ मध्ये आमच्या महाल भागात दंगल झाली, शहराच्या कितीतरी भागांत संचारबंदी लागली, तेव्हा याच मुलांच्या हातात फोन होते आणि त्यावर काय काय फिरत होतं ते मी दुकानात बसून बघितलं आहे. बाहेर पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या आणि आठवीतलं पोट्टं मला व्हिडिओ दाखवून विचारत होतं, "काकू, हे खरं आहे का?" मला सांगता आलं नव्हतं. त्यामुळे माझं मत असं, की सांगावं. सरांनी ज्या शांतपणे सांगितलं तसं सांगावं. त्यांनी एकही रक्ताचा फोटो दाखवला नाही, कुठल्याही समाजाला बोल लावला नाही.

चौथा रविवार. याच्याबद्दल मला राग आहे आणि तो मी वर्ग चालवणाऱ्यांना तोंडावर सांगितला आहे, म्हणून इथेही लिहिते. त्या दिवशी एक पाहुणे वक्ते बोलावले होते. त्यांनी पाऊण तास नुसती भीती घातली. कुणाचे पैसे गेले, कुणाचा फोटो बदलला, कुणी जीव दिला. बारा वर्षांच्या मुलांसमोर. आणि शेवटी म्हणाले, "मुलींनी तर डीपीवर स्वतःचा फोटो ठेवूच नये." माझ्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मग मुलांनी ठेवला तर चालतो का?" त्यांना उत्तर सुचलं नाही. वकील मॅडम मागून पुढे आल्या, म्हणाल्या, "फोटो चोरून वापरणारा गुन्हेगार असतो, फोटो ठेवणारी नाही. आता आपण सगळेच, मुलं आणि मुली, सेटिंग उघडू आणि डीपी फक्त ओळखीच्या नंबरांना दिसेल असं करू." मॅडमनी सावरलं, पण अशा माणसाला मुलांपुढे उभं करण्याआधी तो काय बोलणार हे बघून घ्यायला हवं होतं. मुलीला एकदा असं सांगितलं की चूक तुझी, की उद्या खरंच काही घडलं तर ती आईजवळ येणार नाही. लपवेल. मला माझ्या मुलीचा डीपी लपलेला नकोय, तिचा आवाज मोकळा हवा आहे. वर्गवाल्यांनी कबूल केलं की पुढच्या बॅचला ते वक्ते नसतील.

आता पुतण्याची गोष्ट. त्याला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही काकू, पण नाव नको, आणि त्याच्याबद्दल काहीच नको." त्याच्याबद्दल म्हणजे त्या दुसऱ्या मुलाबद्दल, म्हणून तेवढा भाग गाळते.

त्याच चौथ्या रविवारी, पाहुणे गेल्यावर, मॅडमनी वर्गातल्या ग्रुपचा विषय घेतला. मुलांच्या शाळेच्या प्रत्येक वर्गाचा एक ग्रुप असतोच, ज्यात बाई नसतात. मॅडमनी विचारलं, अशा ग्रुपमध्ये कुणाच्या चेहऱ्याचा स्टिकर फिरतो का? हात कुणी वर केला नाही, पण खुसखूस झाली. मग त्यांनी पाच खुर्च्या मांडल्या. एक, स्टिकर बनवणारा. दुसरी, पहिल्यांदा पाठवणारा. तिसरी, हसणारा इमोजी टाकणारा. चौथी, नुसता बघणारा. पाचवी, ज्याचा चेहरा आहे तो. प्रत्येकाने आळीपाळीने प्रत्येक खुर्चीत बसायचं आणि त्या खुर्चीवरून एकच वाक्य बोलायचं. मी तिथे नव्हते, हे मला मुलीने सांगितलं. ती म्हणाली, पाचव्या खुर्चीत बसल्यावर दादा काही बोललाच नाही.

रात्री जेवताना तो गप्प. माझी जाऊ म्हणाली, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना शटरपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, मी बनवला होता एक स्टिकर." मागच्या वर्षी बनवलेला, वर्गातल्या एका मुलाचा. शाळेच्या तीन ग्रुपमध्ये फिरला. तो मुलगा मग सहलीला आला नाही. पुतण्याला वाटलं होतं, त्याच्या घरचे पाठवत नसतील.

मी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडणार होते, खरंच. पण वर्गातून पालकांना एक छापील पान दिलं होतं, त्यावर पहिली ओळ होती, 'मूल स्वतः सांगायला आलं तर आधी बसायला सांगा.' मी बसायला सांगितलं. मग आम्ही दोघांनी मॅडमना फोन लावला. त्यांनी कायद्याची कलमं वाचून दाखवली नाहीत. क्रम सांगितला. आधी आपल्या फोनमधून आणि जतन केलेल्या स्टिकरमधून काढ. ग्रुपच्या अॅडमिनला सांग, अॅडमिनला सगळ्यांसाठी मेसेज काढता येतो. ज्या ज्या ग्रुपमध्ये तो गेला त्या प्रत्येक ग्रुपमध्ये स्वतःच्या नावाने लिही की मी बनवला होता, चूक झाली, ज्याच्याजवळ असेल त्याने काढून टाका. आणि माफी मात्र मेसेजवर मागायची नाही. समोर जाऊन. तो भेटायला नाही म्हणाला तर त्याचं नाही म्हणणं मान्य करायचं, परत परत जायचं नाही.

ग्रुपवर लिहिणं त्याला सगळ्यात जड गेलं. तीन वेळा टाइप करून खोडलं. शेवटी लिहिलं तेव्हा कुणी चेष्टा केली, कुणी काहीच बोललं नाही, आणि दोघांनी लिहिलं, 'मी पण काढला.' तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सायकल घेऊन त्या मुलाकडे गेला. तिथे काय झालं ते मी लिहिणार नाही. परत आला तेव्हा डोळे लाल होते आणि त्याने दोन ताटं भाजी-पोळी खाल्ली.

पाचवा रविवार पालकांचा. एकतीस मुलांमागे एकोणीस आया, चार वडील आणि एक आजोबा. आमच्या घरातूनही मी आणि जाऊच गेलो, भाऊजींना आणि यांना कामं होती. मला हे खटकलं. मोबाइल घेऊन देतात वडील, रिचार्ज करतात वडील, आणि ऐकायला येतात आया. वर्गाने पालकांचा रविवार संध्याकाळी ठेवला तर कदाचित थोडे जास्त येतील.

त्या दिवशी मॅडमनी दोन तासांत जे सांगितलं ते सगळं मी लिहून घेतलं आहे, थोडं देते. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम, दोन्हींना वयाची अट १३ वर्षांची आहे. आपण जन्मसाल खोटं टाकून खातं उघडून देतो तेव्हा लहान मुलांसाठी त्या अॅपमध्ये जे संरक्षण असतं ते आपणच काढून घेतो. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, आणि मुलाची माहिती वापरायला आई-वडिलांची पडताळलेली संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं म्हटलं आहे. काही वाईट घडलं तर घाबरून चॅट डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट, नंबर, तारीख-वेळ जपा, तेच पुरावे असतात. तक्रार १९३० वर किंवा केंद्र सरकारच्या सायबर क्राइमच्या पोर्टलवर, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८. स्त्रिया आणि मुलांच्या अश्लील फोटो-व्हिडिओंबाबत त्या पोर्टलवर आपलं नाव न देताही कळवता येतं. हे बऱ्याच आयांना पहिल्यांदा कळलं, आणि एक बाई वही बंद करून नंतर मॅडमपाशी बराच वेळ थांबल्या.

मुलांचा पासवर्ड आईला माहीत असावा का, यावर मोठी चर्चा झाली. मॅडमनी सुचवलं, मुलाने स्वतः कागदावर लिहून पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवून त्यावर सही करायची, कपाटात ठेवायचं. आई ते मुलासमोरच उघडेल, किंवा मूल संकटात असेल तर. आमच्याकडे आता देव्हाऱ्याच्या कपाटात दोन पाकिटं आहेत. मी अजून उघडलेली नाहीत.

मग आमच्यावरच वेळ आली. मॅडम म्हणाल्या, मुलांचे किती फोटो तुम्ही त्यांना न विचारता स्टेटसला टाकले? मुलीचा मुंडण केलेला फोटो मी दर वाढदिवसाला टाकते. घरी येऊन विचारलं. ती म्हणाली, "नको." आठ वर्षं टाकत होते, आणि कधीच विचारलं नव्हतं.

सहावा रविवार घाईचा झाला. दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचं लिखाण वापरायचं तर त्याचं नाव लिहायचं, क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे आपलं काम इतरांना अटींसह वापरू देणारा परवाना, काय असतो, विकिमीडिया कॉमन्स या फोटोंच्या मोफत साइटवरचे फोटो परवान्याच्या अटी पाळून वापरता येतात, हे बरं झालं. माझ्या मुलीने नाग नदीवर पान केलं आणि खाली स्वतःच्या फोटोंवर स्वतःचं नाव टाकलं, ते बघून मला फार बरं वाटलं. पण एआयला त्यांनी अर्धा तास दिला. उत्तर चुकीचं असू शकतं, स्वतःचा चेहरा आणि घरची माहिती त्यात टाकू नका, बस. दुकानात प्रोजेक्ट छापायला येणाऱ्या मुलांच्या फाइलमध्ये वर 'नक्कीच, हा घ्या तुमचा निबंध' ही ओळ तशीच राहिलेली असते. मूल वाचतसुद्धा नाही काय छापायचं आहे ते. याला दोन रविवार हवेत. पाहुण्या वक्त्यांचा वेळ वाचला तर पाऊण तास तर तिथेच निघतो.

बाकी किरकोळ. हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'येताना स्मार्टफोन आणा' असं सांगतात, पण तीन मुलांकडे फोन नव्हता आणि ती ओशाळून बसत. दुसऱ्या आठवड्यापासून जोड्या लावल्या, ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं. फीमध्ये सवलत मिळते, मागितली तर लगेच देतात, पण कुठे लिहिलेलं नाही, आणि ज्याला गरज असते तो मागत नाही. ती फळ्यावर लिहा. वर्ग सुटल्यावर खालच्या गाडीवर तर्री-पोहे मिळतात, मुलांना तेही वर्गाइतकेच आठवतात.

पाचपैकी चार देईन. एक गुण पाहुण्या वक्त्यांचा आणि इंग्रजी स्लाइडचा कापला. पाचवी ते नववीच्या मुलांना पाठवा. त्याहून लहानांना पहिल्या रविवारचं कार्ड सोडून फारसं झेपणार नाही. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे. पालकांच्या रविवारी आई-वडील दोघं जा.

दुकानात आता काउंटरवर पाटी आहे, मुलीच्या अक्षरात. 'काम झाल्यावर तुमची फाइल तुमच्यासमोर डिलीट करतो. बघून जा.' जिथे चालतं तिथे मी लोकांना मास्क केलेलं आधार वापरायला सांगते, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते काढून मिळतं. सुरुवातीला लोक घाईत असत, "राहू द्या ना ताई" म्हणून निघून जात. काल एक म्हातारे गृहस्थ पेन्शनचे कागद काढायला आले. प्रती घेतल्या, पैसे दिले, आणि थांबून राहिले. मी विचारलं, "काका, अजून काही काढायचं आहे का?" त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि चष्मा पुसून फोनच्या पडद्यावर वाकले.